निळीच्या आठ स्प्रिंगा

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज परत आली. चष्मेवाली! दर गुरुवारी येते आणि घरात न शिरता थेट मागच्या शेडमध्ये जाते. मी चहा घेऊन गेले तर दोघं टेबलावर वाकलेली. टेबलावर निळीच्या, म्हणजे ह्यांच्या जुन्या निळ्या गाडीच्या, इंजिनाचं हेड. हात थरथरायला लागायच्या आधी ह्यांनी ते उतरवून ठेवलंय, तेव्हापासून माझ्या जुन्या चादरीखाली पडून आहे. व्हॉल्व्हची एक स्प्रिंग तुटली, बाकीच्या सात वयाने दमल्या. व्हॉल्व्ह उघडला की त्याला परत जागेवर बसवायचं काम त्यांचं. त्या दमल्या की इंजिन धापा टाकतं. नव्या कुठे मिळत नाहीत – गाडी बनवणारी कंपनीच राहिली नाही.

हे हसत होते. मला पाहिलं आणि हसू आवरलं. साखर जास्त झाली का, विचारलं. नाही म्हणाले.

ती ह्यांना “अहो” म्हणते. अहो, हे बघा ना. अहो, हे धरा ना. अहो! हा शब्द काय रस्त्यावर पडलाय? आणि हे तिला “अगं” म्हणतात. मलाही अगं, तिलाही अगं. मग माझं वेगळं काय राहिलं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. हसून हसून बेजार झाली. म्हणे, आई, तुला राग गाडीचा की बाईचा ते आधी ठरव.

दोन्हीचा! निळी तर लग्न झाल्यापासून माझी सवत. रविवार तिचा, मऊ फडकी तिची, ह्यांचं गुणगुणणं तिचं. मी कधी तोंड आवरलं नाही. भंगार म्हटलं, डबडं म्हटलं, विकून टाका म्हटलं. आता त्या सवतीने आणखी एक सवत आणली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मेवालीने आज कुठूनशा स्प्रिंगा आणल्या. ती पूर्वी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची, ओळखी दांडग्या. पण स्प्रिंगा आखूड निघाल्या. मला इतका आनंद झाला की चहात आलं दुप्पट किसून टाकलं.

हे मात्र तिला म्हणाले, “असू दे गं, तू शोधलंस हेच खूप झालं.”

मी आजवर ह्यांचे चष्मे, किल्ल्या, मोजे, दाताची कवळी काय काय शोधून दिलं. खूप झालं म्हणून कुणी म्हटलेलं आठवत नाही.

ठरलं. स्प्रिंगा मी आणणार. तिच्या आधी!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे झोपल्यावर दुपारी मी शेडमध्ये गेले. दमलेल्यांतली एक उचलली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. चोरासारखं वाटलं. सगळ्या रुमालाला तेलाचा वास.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुट्या भागांच्या बाजारात दिवसभर पायपीट केली. एका दुकानदाराने स्प्रिंग हातात घेतली, फिरवली, परत दिली. “काकू, ह्या गाडीचे भाग आता फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत मिळतात.” दुसऱ्याने मोटरसायकलची पुढे केली. तिसरा म्हणाला, काकांना पाठवा. त्याला म्हटलं, काकांना काय शिंगं आहेत? मला काय हवंय ते मला कळतं.

खरं तर नव्हतं कळत. पण येताना एका भल्या माणसाने सांगितलं – नुसती उंची जुळून भागत नाही. जाडी बघा, घेर बघा, वेढे मोजा आणि जोर बघा. घरी येऊन टेपने सगळं मापून घेतलं. कपडे शिवून संसाराला हातभार लावला मी, मापाला भीत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज ह्यांनीच विचारलं, कुठे भटकत असतेस? म्हटलं, बटणं शोधतेय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ती येऊन गेली. आज दारच लावून घेतलं होतं दोघांनी. हळू आवाजात बोलत होती. मी बाहेर कपडे वाळत घालत होते – वाळलेलेच परत घातले. एवढंच ऐकू आलं. ती म्हणाली, “वहिनींना सांगितलंत का?” हे म्हणाले, “नाही अजून.”

काय सांगायचंय मला?

जेवले नाही. पोट बिघडलंय म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मिळाल्या! मिळाल्या, मिळाल्या, मिळाल्या!

पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक म्हातारा. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. स्प्रिंग पाहिली आणि म्हणाला, हेच इंजिन पूर्वी पंपावर बसवायचे. फळीवर चढला, खोकला, धूळ उडवली आणि एक डबा काढला. आत ग्रीस लावून कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या स्प्रिंगा. एका वजनाखाली जुनी दाबून दाखवली, त्याच वजनाखाली नवी. जुनी लगेच खाली बसली, नवी ताठ!

त्याने विचारलं, गाडी कुणाची? मी म्हटलं, “माझी.” तोंडातून निघून गेलं. मग रस्ताभर तो शब्द तोंडात घोळत राहिला.

हे टेबलाशी बसले होते. मी डबा पुढे ठेवला. ह्यांनी एक बाहेर काढली, गुण्याच्या काटकोनाला लावून सरळ आहे का पाहिली. मग दुसरी. आठही झाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या नजरेने निळीकडे बघायचे, त्या नजरेने!

म्हणाले, “अगं, तू?”

हे अगं वेगळं होतं. एकदम वेगळं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांच्या हाताने होणं शक्य नव्हतं, म्हणून मीच बसवल्या. हे शेजारी स्टुलावर बसून सांगत होते. शिकंज्याने स्प्रिंग दाबायची, व्हॉल्व्हच्या दांड्याला दोन इवल्या पाचरी लावायच्या, शिकंजा सोडायचा. पाचरी म्हणजे ब्लाउजच्या हुकाएवढ्या. मी बोटाला ग्रीस लावून चिकटवल्या, एकही पडली नाही. हे म्हणाले, तुझ्या हाताला इंजिनाचं काम आधीच दिलं असतं तर! म्हटलं, तुम्ही मला फडकी धुवायलाच ठेवलंत.

हसलो दोघं. त्याच शेडमध्ये.

उद्या गुरुवार. येऊ दे आता चष्मेवालीला!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आली. पाहिलं. “सुंदर,” म्हणाली. चष्मा पुसला, परत पाहिलं. मी फुशारकीने उभी. ती अजिबात खट्टू झाली नाही, त्याचाच मला राग आला.

मग पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, “वहिनी, ह्या स्प्रिंगांचे वेढे एका बाजूला जवळ जवळ असतात. ती बाजू खाली, हेडवर टेकायला हवी. आपल्या सगळ्या उलट्या बसल्यात.”

माझं तोंड उतरलं. शिवणात दाट टाका शेवटाला घालतात, म्हणून मी दाट बाजू वर ठेवली होती! एक नाही, आठच्या आठ.

ती म्हणाली, “ते झोपू देत. आपण दोघी फिरवू. त्यांना कळायचं काही कारण नाही.”

दुपारी दोघींनी फिरवल्या. ती दाबायची, मी पाचरी लावायची. न राहवून विचारलं, ह्यांना एवढं इंजिन कळतं, मग समोर बसून दिसलं कसं नाही?

“काल ते स्प्रिंगांकडे बघत नसणार,” ती म्हणाली.

मी चहा टाकला. चहात साखर घालायची विसरले. तिने तसाच प्यायला.

३ मार्च, सोमवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने हेड परत चढवलं. किल्ली फिरवली. पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा शिंकली, तिसऱ्यांदा – सुरू! काय आवाज! माझ्या शिवणयंत्राला नवं तेल दिल्यावर येतो तसा. मी टाळ्या वाजवल्या. हे मात्र बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे. हात थरथरतोय की गाडी, कळेना.

गॅरेजवाला गेल्यावर म्हणाले, आता हिला द्यायला हरकत नाही.

कुणाला?

तेव्हा सगळं सांगितलं. हातामुळे आता चालवता येणार नाही. भंगारात जाऊ नये म्हणून चष्मेवालीला ह्यांनीच बोलावलं होतं. सुरू झाली की तिने न्यायची, असं पहिल्या गुरुवारीच ठरलं होतं. ती दर वेळी म्हणायची, वहिनींना सांगा. पण ह्यांची जीभ रेटत नव्हती.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

“तू म्हणाली असतीस, सुटलो एकदाचे,” हे म्हणाले. “तेवढं मला ऐकवलं नसतं.”

मी खरंच म्हणाले असते. महिन्यापूर्वी नक्की म्हणाले असते.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून निळीला पुसतायत. मऊ फडक्याने. मी दुसरं फडकं घेऊन पलीकडच्या बाजूने पुसायला लागले. उद्या ती न्यायला येणार.

स्प्रिंगा शोधल्या मी! बसवल्या मी! आणि घरातून घालवायचीही मीच व्यवस्था केली.

६ मार्च, गुरुवार

चष्मेवाली आली, पण गाडीची किल्ली सापडेना. ह्यांनी कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, शेवटी मला म्हणाले, तू शोध, तुला सगळं सापडतं. मी शिवणाच्या डब्यावर हात ठेवून म्हटलं, ह्या खेपेला काही लक्षात येत नाही बाई. चष्मेवालीने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “वहिनी, चहा टाका. आणि मला एक सांगा, गाडी शिकायची तर क्लचपर्यंत पाय पुरतो का तुमचा?”

पुरतो. काल बसून पाहिलंय.