चेअरमन, बिल्डर आणि रद्द केलेला एक शब्द

हे लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. मृत्युपत्र म्हटलं की मी विषय बदलायचो. आता दुसऱ्याच्या जिवाची काळजी लागली, म्हणून बसलो.

मी, नाथा रावजी गोताड, मूळ जिल्हा रत्नागिरी, राहणार इंद्रलोक, भाईंदर पूर्व, सातवी नापास, धंदा नळकाम, सध्या बंद, शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहितो. दबाव नाही म्हणजे बायको गोदूबाई भाजी आणायला गेली आहे.

१. राहती खोली गोदूबाईची, तिच्यानंतर मुलगा जितेश याची. कागदावर आताही त्याचं नाव माझ्याबरोबर आहे. जितेश परदेशात बंदरावर क्रेन चालवतो. देशाचं नाव लिहीत नाही. तिथला राज्यकर्ता लोकांचे फोन ऐकतो, मृत्युपत्र वाचायला त्याला काय लाज वाटणार? त्याच्याकडे रॉकेटं इतकी की म्हणे शाळांखालीही ठेवली आहेत. आता बाहेरची मोठी फौज समुद्रात येऊन उभी आहे. त्याला हटवून लोकांना मोकळं करणार म्हणते.

फोनवर हे बोलायची चोरी, म्हणून जितेशने शब्द ठरवून दिले. राज्यकर्ता म्हणजे चेअरमन, फौज म्हणजे बिल्डर. घोळ असा की आमच्या सोसायटीलाही चेअरमन आहे आणि रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डरही येतोय. मी जिन्यात फोनवर म्हणालो, चेअरमन मेला तर पेढे वाटीन. ते आमच्या चेअरमन चंदनशेठनी ऐकलं. तेव्हापासून आमच्या मजल्यावरचा दिवा लागत नाही.

२. टीव्ही सून स्वाती हिला. शेजारच्या महिपतचा त्यावर डोळा आहे, त्याला लढाई मोठ्या पडद्यावर बघायची आहे. माझ्या खुर्चीत बसून, माझा चहा पिऊन मला सांगतो, "नाथाभाऊ, दोन दिवसांत उचलतील त्याला. माजलेल्याला बाहेरचाच लागतो."

मी विचारलं, त्याने उलट मारा केला तर? बंदराचं फाटक लावून कामगारांना आतच धरून ठेवलं तर? आणि तो पडलाच, तर ती रॉकेटं कोणाच्या हाती जाणार? महिपत म्हणाला, ते नंतर बघू. त्याचं तिथे कोणी नाही, त्याला नंतर बघायला काय जातंय.

राज्यकर्ता नालायक आहे. जितेशच्या मुकादमाला त्याने एका विनोदापायी आत टाकलं. तो जावा असं मलाही वाटतं. पण बिल्डरला पाडता येतं एवढंच आम्ही समोरच्या प्लॉटवर पाहिलं आहे. तिथे आता एरंड उगवलाय आणि माणसं भाड्याच्या खोल्या बदलत फिरताहेत.

३. माझे पान्हे स्वातीला. नळ गळला की जितेश खाली बादली लावतो, ती वायसर बदलते.

४. बँकेत असेल ते गोदूबाईचं. किती आहे ते तिलाच माहीत.

५. महिपत आणि चंदनशेठ यांना साक्षीदार केलं आहे. स्वाती सांगते, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कायदा चांगला आहे. कागद पुरा व्हायच्या आधीच दोघांनीही न वाचता खाली सही केली.

६. आता मुख्य. परवा आमच्या दारावर नोटीस लागली, बिल्डर उद्या येणार, सह्या तयार ठेवा. त्याच संध्याकाळी जितेशचा फोन आला. आवाज तुटत होता. "बाबा, बिल्डर उद्या येतोय म्हणतात. निघू की थांबू?"

मी नोटीस वाचतच उभा होतो. म्हटलं, "थांब. जास्त जागा कबूल करेपर्यंत हलायचं नाही."

फोन तुटला. आतून गोदूबाई म्हणाली, "अहो, तो कुठल्या बिल्डरचं विचारत होता?"

तेव्हापासून फोन लागत नाही. गोदूबाई माझ्याशी बोलत नाही, ही एरवी मी सुट्टी मानली असती.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायला दुसरं काही नाही. मात्र माझा 'थांब' हा शब्द मी या कलमाने रद्द करतो. जितेशने जन्मात माझं कधी ऐकलं नाही. या वेळीही ऐकलं नसेल, एवढ्याच आशेवर मी आहे.

सही : नाथा रावजी गोताड
साक्षीदार : महिपत खानविलकर, चंदन शहा
भाईंदर पूर्व, १२ फेब्रुवारी २०२६

स्वाती, हा कागद कपाटात ठेव. जितेशला फक्त एवढंच पाठव, पोचेल तेव्हा पोचेल : "बाबांना जास्त जागा नको. तू खोली रिकामी कर. केलीस की लगेच कळव."