सब ठीक है

माधवनगर, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७

गिरणीतल्या पाच सर्व्हरची सेटिंग रोज सकाळी आपोआप बदलणारी माझी शेल स्क्रिप्ट दोन महिने "सब ठीक है" छापतेय. आज सहज बघितलं, तर तीन सर्व्हर जुन्याच सेटिंगवर. छापणारच की. काम होवो न होवो, शेवटच्या ओळीत मीच "सब ठीक है" लिहून ठेवलंय.

फौजेतनं रिटायर झालेले आमचे वॉचमन शिंदेमामा हसले. "आवं साहेब, मीबी रोज त्येच सांगतो. मागच्या गेटाकडं जातंय कोण?"

आता स्क्रिप्ट प्रत्येक कामानंतर ते झालं का तपासते. संध्याकाळी चालवली, तीन सर्व्हर नापास. खरं बोलली एकदाची. पण उद्या मॅनेजर म्हणणार, "तुम्ही हात लावेपर्यंत तर सगळं ठीक होतं."