झुंबरातल्या रिकाम्या कड्या

८ नोव्हें., शनि.
वायरमनने साखळी सोडून झुंबर छातीच्या उंचीवर आणलं आणि गेला. पुढचं माझ्यावर. दादा म्हणाला, "पूर्वाच्या लग्नात दिवाणखाना चमकला पाहिजे, नलू. तुझ्या हाताला यश आहे." हाताला यश, खांद्याला बाम. नेपानगरच्या शाळेतून धक्के खात यायचं, वर हे. शाळेतल्या चौरे मॅडमनी आज परत विचारलं, नेपानगरातच त्यांच्याकडची वरची खोली भाड्याने घेता का. रिटायर होईस्तोवर रोज गाडीत कशाला हाडं मोडून घेता, म्हणे. पुतणीचं लग्न होऊ दे, म्हटलं.

९, रवि.
सगळे लोलक काढून टबात. रिठ्याचं पाणी, जुन्या धोतराची फडकी. सतरंजीवर वाळत घातले. वाळल्यावर बघते तर प्रत्येकावर पांढुरके डाग, धुतलं नसतं तर बरं. करायला गेले गणपती, झाला मारुती. बोअरच्या पाण्याने आपल्या तोट्यासुद्धा पांढऱ्या होतात, जन्म गेला बुऱ्हाणपुरात, मला कळू नये? स्वतःचाच राग आला.
वहिनी जिन्यातून, "काय करून राहिली गं इतका वेळ?"

१२, बुध.
पूर्वाची शक्कल. इन्व्हर्टरमध्ये घालायचं बॅटरीचं पाणी. "आत्या, उसमें कुछ रहताच नाही, डाग कशाचा पडंल?" कॅन घेऊन आली. आधी व्हिनेगरने डाग काढले, मग त्या पाण्यात बुचकळून लगेच पुसले. एक खिडकीशी धरला तर भिंतीवर रंग पडले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
"आणि ह्या कड्या खाली का?" रिकाम्या कड्यांवर बोट ठेवत पूर्वाने विचारलं. सांगितलं. घरातली मुलगी निघाली की आजी झुंबरातला एक लोलक काढून तिच्या मुठीत द्यायची. माझ्या चार आत्यांचे चार, माझ्या थोरल्या बहिणीचा, सुमनताईचा पाचवा. त्या जागी दुसरं काही लावायचं नाही, ही बाबांची ताकीद.
"तुझा कोणता?"
म्हटलं, आहे की यातच कुठेतरी. तो कुठे जातोय.
माझ्या बोलण्यावर ती हसली नाही.

१५, शनि.
दादाने प्लॅस्टिकच्या लोलकांचं पाकीट आणलं. फोटोत भोकं दिसतात म्हणे. मी म्हटलं, ती भोकं नाहीत, सुमनताईची जागा आहे, आत्यांची आहे. "तू पण ना नलू, हर बात में." भांडायला अंगात जीव नव्हता.
मग जाता जाता, लग्नानंतर तुझी खोली जावयांसाठी करू. तू खाली आईच्या खोलीत ये, जिने वाचतील. आईच्या खोलीत आता गव्हाच्या कोठ्या आहेत. माझ्या भल्याचंच सांगतोय, अशा सुरात बोलला. फार लागलं मला.

१८, मंगळ.
चौरे मॅडमना सोमवारी हो-नाही सांगायचं. खोली दुसरं कुणी मागतंय.
वहिनीजवळ तोंड उघडलं. मेथी निवडत होतो. ती थांबली. "मग इथं कोण बघंल? पूर्वा जाईल, तू बी गेली तर मी एकटी मरू का?" खरंच आहे तिचं. पण राहा, असं काही ती म्हणाली नाही.

२१, शुक्र.
लोलक ओवून झाले. पूर्वासाठी एक काढून ठेवला. तरी एक कमी. टब, सतरंजी, फडकी, सगळं झटकलं. फुटला असेल, काच वेचताना कुणी बोललं नसेल. आजोबांच्या वेळचा माल, माझ्या हातून गेला. दादा म्हणाला, टेन्शन नको घेऊ, आणि जुन्या पाच कड्यांबरोबर या दोन्ही जागीही प्लॅस्टिक अडकवलं. वर चढवून दिवे लावले. दादाचे डोळे भरून आले. "बाबांच्या वेळेसारखं दिसून राहिलं." दिसत होतं खरं.

२३, रवि.
लग्न लागलं. पाय सुजलेत.
पाठवणीला लोलकाची आठवण कुणालाच नव्हती. गाडीच्या खिडकीतून मीच पूर्वाच्या मुठीत दिला. तिने हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात कोंबलं. "टबातून उचलला होता. तुझा आहे. तू पण जा आत्या."
गाडी गेली. वहिनी रडत होती, मीही. मी कशासाठी रडतेय ते तिला कुठे ठाऊक.

२४, सोम.
नेपानगरच्या गाडीत लिहितेय. निघताना दादाने विचारलं, खोली कधी खाली करतेस? बघते, म्हटलं. वहिनीने न मागता डबा भरून दिला, तेवढ्याने पाय जड झाले.
रुमाल सोडून लोलक बघितला. पूर्वाच्या मेंदीचं बोट उमटलंय त्यावर. पुसला नाही. चौरे मॅडम शाळेच्या गेटवरच भेटतील, हो-नाही विचारायला. घरी माझ्या कडीत प्लॅस्टिक आहे, खालून कुणाला कळत नाही.