उरलेली पेटी

२८ मार्च
भोपळ्याला मादी फुलं दिसायला लागली. बुडाशी लिंबाएवढा भोपळा घेऊनच येतात. माशी बसली तर धरतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. माझ्या मधमाश्यांच्या दोन्ही पेट्या जोरात. उजाडताना फूल उघडलं की माश्या आत शिरतात आणि परागाची हळद माखून बाहेर येतात.

कारखान्यामागची ही जागा मालकाने उन्हाळ्यापुरती कामगारांना वाटून दिली आहे. शेजारचा तुकडा तानाजीचा. आमचे हे आणि तो एकाच भट्टीवर कामाला. त्याची बायको संगीता. कुपवाडात आल्यापासून मला तिच्याशिवाय कुणी नाही. हे इथे लिहिते, तिला सांगणार नाही, नाहीतर डोक्यावर मिरे वाटेल.

तानाजीला परत बजावलं. मिरचीवरचं औषध संध्याकाळी मार, फुलं मिटल्यावर. सकाळीच मारायचं असेल तर आदल्या दिवशी सांग, मी पेट्यांची दारं बंद ठेवीन.
"व्हय भाबी, माश्यांची परवानगी काढूनच मारतो."

६ एप्रिल, सकाळ
पेटीच्या दारात माश्यांचा खच. निम्म्या अजून जिवंत, पाठीवर पडून गोल फिरतायत, जिभा बाहेर. तानाजीच्या मिरचीचा ओला वास इथपर्यंत. पहिल्या पाळीला जायच्या आधी पंप पाठीवर घेऊन उरकून गेला. मिरचीला लागून त्याचाही भोपळा आहे, सगळी फुलं उघडी होती. माझ्या माश्या तिथेच होत्या.

एक पेटी गेली. मेलेल्या सुपाने भरून काढल्या. दुसरीत जीव आहे.
रडू आलं नाही. त्याला मारावंसं वाटलं.

संध्याकाळ
मारलं.
पहिली पाळी सुटल्यावर, ओव्हरटाईमला परत जायच्या आधी तानाजी मिरचीला पाणी पाजायला आला. विचारलं तर म्हणाला, "आज ओव्हरटाईम हाय, सांजचं कवा मारू? आवं भाबी, माश्याच हायत. आणा की दुसऱ्या."
खुरपं हातात होतंच. त्याने हात आडवा घातला म्हणून, नाहीतर तोंडावर बसलं असतं. कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. रक्त माझ्या पायावर आलं, गरम. त्याने दुसऱ्या हाताने मला अवजारांच्या शेडच्या खांबावर आपटलं. खालचा दात हलतोय. संगीता मध्ये पडली, मी तिलाही ढकललं.
आत्ता लिहिताना मारल्याचं वाईट वाटत नाही. त्याचंच भ्या वाटतंय.

८ एप्रिल
बरेच टाके पडले म्हणे. पोलिसात गेला नाही. मालकाच्या कानावर गेलं तर सगळ्यांचेच तुकडे जातील. आज जेवताना हे म्हणाले, "त्यो कामावर परत आला की मला त्याच्या शेजारी हुबं ऱ्हायचंय. वितळलेलं लोखंड असतंय तिथं. इचार केला व्हतास का?"
नव्हता केला.

११ एप्रिल
दुपारी तानाजी पिऊन आला. बँडेजचा हात गळ्यात. सरळ उरलेल्या पेटीकडे गेला आणि लाथ घातली. पेटी उलटी, पोळी तुटून मातीत. माश्या उसळल्या. तो पळाला, शेडमध्ये शिरून दार लावून घेतलं.
संगीताची शेळी बाभळीला बांधलेली. माहेरून, जतहून आणलेली, गाभण. पळायला जागा नाही. डोळ्यांवर, नाकपुड्यांत, ओठांवर माश्यांचा काळा थर. तिचं ओरडणं माणसासारखं.
मी पोतं पांघरून धावले. खुरपं कमरेला होतं. दावं कापलं असतं तर सुटली असती.
मी पेटीकडे धावले. पेटी सरळ केली, मातीत राणी शोधली, सापडली, पोळी दोऱ्याने बांधून आत लावली. तोवर शेळी आडवी पडून मेली होती. संगीता रस्त्यावरून सगळं बघत होती.

१२ एप्रिल
संगीताच्या दारात गेले. तानाजी आत घोरत होता. ती उंबऱ्यात बसलेली.
"त्यानं लाथ मारली, त्याचं मी बघून घेते. पर तू शेळीकडं बघितलंस आन् पेटीकडं गेलीस. मी बघितलंय."
खोटं बोलता आलं असतं. माझ्याच्याने झालं नाही. तिने उठून दार लावून घेतलं.

१४ एप्रिल
सकाळी जाऊन बघते तर संगीता माझ्या वाफ्यात, हातात कोयता. एकेक वेल बुडातून. मी बांधावर उभी राहिले. अडवायला पाऊल उचललं तर आपण तिला मारू, हे माहीत होतं, म्हणून नाही उचललं. धरलेले भोपळे तिने टाचेने फोडले. घामाने पदर भिजला तरी थांबली नाही. एक वेल ठेवला नाही. कापलेल्या वेलांची फुलं अजून उघडीच होती आणि माश्या त्यांत शिरत होत्या.

मग कोयता माझ्यापुढे टाकला. "आता आमच्या वाफ्यात शिर. समदा भोपळा काप. म्हंजी तुझं-माझं फिटलं. न्हाईतर जलमभर तुझ्या तोंडाकडं बघायची न्हाई मी."
"कवा?"
"उद्या. फुलं उघडायच्या आत. मी येते, माझ्या म्होरं काप."
आवाज रागाचा नव्हता. परत यायची वाट तिने तेवढी एकच ठेवली आहे.

नंतर बराच वेळ पेटीपाशी बसले. चहूकडे पत्रे, डांबर, भट्ट्यांचा धूर. बाकीच्यांचे तुकडे केव्हाच करपलेत, हिरवं म्हणून उरलंय ते संगीताचंच. पेटी दुसरीकडे न्यावी तर दोऱ्याची पोळी वाटेत कोसळतील. माझे वेल सुकले तशा माश्या बांध ओलांडून तिच्या भोपळ्यावर जायला लागल्या. तिथूनच हळद आणतायत, तो कापला की पेटी उपाशी मरेल.

कोयता धार लावून दाराआड ठेवलाय. ह्यांनी विचारलं, "कशाला?"
"उजाडायच्या आत संगीताचा भोपळा कापायचाय," म्हणाले.