प्लगचा रंग

ता. ३ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. रुसलात का? बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलला बाजारातला नवा सायलेन्सर बसवलाय. हळू चालवली तर शहाण्यासारखी चालते, पूर्ण पिळली की धापा टाकते आणि इंजिन भयंकर तापतं. इथला मेकॅनिक म्हणतो, भंगारात द्या. बाबांनंतर घरात तेवढाच आवाज उरलाय, कशी देऊ? एखाद्या रविवारी तीच घेऊन येते. तुम्ही नुसत्या कानाने कार्बोरेटर लावायचात, तसा लावून द्या.

लोभ असेल तर फोन उचला.

तुमची पुतणी, खटपट

ता. ८ फेब्रुवारी

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

गाडी घेऊन निघू नकोस. नव्या सायलेन्सरमुळे इंजिन हवा जास्त ओढतं, कार्बोरेटरमधल्या जेटच्या भोकातून पेट्रोल मात्र जुन्याच मापाने येतं. भरधाव असताना पिस्टन तापून जाम झाला तर मागचं चाकच अडकेल. पंचाण्णव नंबरचा मेन जेट काढून एकशे दहाचा घाल, मग एकेक माप खाली ये. दर वेळी मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पिळून क्लच दाब, इंजिन बंद कर आणि प्लग काढून त्याचा रंग बघ. पांढरा म्हणजे धोका, काळा म्हणजे पेट्रोल जादा, तपकिरी म्हणजे जमलं.

रुसलो नाही गं. दीड वर्ष झालं, ऐकू येत नाही. लोकांना सांगतो, डोळे अधू झालेत. गिऱ्हाइकांसमोर इंजिनवर हात ठेवून मान डोलवायचो. अशीच लावून दिलेली एका पोस्टमनची गाडी भर रस्त्यात जाम झाली, त्याचा खांदा मोडला. दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद केलं.

तू येऊन नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसशील. कंटाळशील.

आहे ती माया राहू दे.

काका

ता. १७ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न.

एकशे दहाला इतका धूर झाला की शेजारच्या शिंपीणकाकूंनी खिडकी लावून घेतली. एकशे पाचला प्लग काळपट. एकशे दोनला मला तपकिरी वाटला, पण मला वाटून काय उपयोग? कागदात गुंडाळून पाठवतेय. डोळे ठणठणीत आहेत हे आता कळलंय, तेव्हा सबब चालणार नाही.

पोस्टमनला भेटलात का?

खटपट

ता. २३ फेब्रुवारी

चि. खटपटीस आशीर्वाद.

प्लग उन्हात धरून पाहिला. रंग बरोबर आहे, एकशे दोनच ठेव.

काल पोस्टमनकडे गेलो. तो बराच वेळ बोलला. शेवटी सांगून टाकलं, मला यातलं एक अक्षर ऐकू आलेलं नाही, तेव्हाही येत नव्हतं. मग त्याने बऱ्या हाताने खुर्ची पुढे सरकवली.

रविवारी ये. दार वाजवू नकोस, सरळ ढकल. गाडी आलेली मला कळायची नाही, म्हणून सकाळपासून दाराकडे तोंड करून बसतो.

काका