शेवटचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.१५, स्टाफरूम

डोकं फिरलंय. मॅनेजमेंट म्हणे खेळाचा तास सीवूड्सच्या एका अकॅडमीला द्यायच्या विचारात आहे. आणि मी? स्कूलबसवर! सातारा जिल्ह्याच्या कबड्डी संघात राहिलेला माणूस (राखीव का होईना, संघात म्हणजे संघात) बसमध्ये मुलं मोजत उभा राहणार.

शनिवारी अकॅडमीची मुलं आपल्या चौथीशी फुटबॉल खेळायला येणार. त्याआधी मी चौथीच्या बेचाळीस मुलांचं मूल्यमापन करायचं, त्यातून सात जणांची टीम काढायची. मग निर्णय, असं प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

बघाच म्हणावं. संकल्प: रोज पहाटे पाचला फुटबॉलचा सराव. आणि रागवायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाचला उठलो नाही. चूक विजयमालाची. बायकोने नवऱ्याला एकदाच हाक मारायची असते का?

कोऑर्डिनेटर ज्ञानेश्वरी मॅडमनी शीट दिली. वय सत्तावीस, आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. रकाने चार: ड्रिबल, ट्रॅप, शूट, पास. ड्रिबल म्हणजे चेंडू पळवत नेणं, ट्रॅप म्हणजे पायाने अडवणं, शूट सगळ्यांना कळतं. शेवटी पास, म्हणजे निकाल. इथपर्यंत ठीक. पण चेंडू एकमेकांना देण्याचा रकानाच नाही! फुटबॉलमधला निम्मा खेळ विसरल्या आणि ह्या म्हणे ट्रेनिंग घेऊन आल्यात. वर सूचना, चारही रकान्यांत एक ते चार मार्क द्या. निकालाला कोण मार्क देतं? विचारायला गेलो नाही. आपण कशाला त्यांची अब्रू काढा.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २

संताप. नुसता संताप.

निम्म्या मैदानावर बस उभ्या. ड्रिबलसाठी मांडायचे प्लास्टिकचे कोन नाहीत, म्हणून पोरांच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या. त्यातल्या दोन पोरांनी मध्येच पिऊन टाकल्या. राजवर्धनने पहिलीच किक शेजारच्या सोसायटीत घातली. वॉचमनचं लेक्चर मी ऐकलं. तरी शूटमध्ये चार दिले. पाय आहे पोराला.

मग सगळ्यांचा गलका, सर तुमी दाखवा ना, तुमी दाखवा. दाखवलं. चेंडू जागेवर, मी खाली. मैदानावरची फरशी गुळगुळीत होती. अख्खा वर्ग खिदळला. दिघ्याहून बसने येणारी ती संघप्रिया तेवढी हसली नाही. चेंडू हळूच माझ्या पायाशी आणून दिला आणि म्हणाली, सर, आतल्या बाजूनी मारा, बोटांनी नको. मला! नऊ वर्षांची पोर मला शिकवणार!

बाटल्यांमधून झकास जाते, पण गोलसमोर पोचली की चेंडू दुसऱ्याला देऊन मोकळी. तीनदा ओरडलो, स्वतः मार. तिसऱ्यांदा क्रांतीला दिला. क्रांतीने वर्षभरात चेंडूला पाय लावला नव्हता, तिचा गोल झाला आणि ती मैदानभर बोंबलत सुटली. संघप्रियाला विचारलं, का दिलास? म्हणते, ती मोकळी होती ना सर.

उलट उत्तर. शूट: एक. शेवटच्या रकान्यात लाल पेनने नापास. बाकी एक्केचाळीस पास. वर्गात एक तरी नापास लागतो, त्याशिवाय शिस्त राहत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शीट दिली. ज्ञानेश्वरी मॅडमनी न वाचता फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या कामात फार फास्ट.

टीम ठरली. शूटमध्ये चार मिळवणारी सातही. राजवर्धन कॅप्टन. अकॅडमीची आता खैर नाही.

संघप्रिया गैरहजर. रुसली असेल. रुसू दे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२.४०

ती आजही नाही. तिचे वडील पोपटराव आले, दिघ्याकडच्या कंपनीत कामाला, अर्धा दिवस सुट्टी टाकून. भांडायला आले असतील म्हणून मी बाह्या सरसावून गेटवर गेलो. त्यांनी हात जोडले. म्हणाले, सर, पोरगी दोन दिवस नीट जेवली नाय. सगळ्यांपुढं पास लिवलंय, तिच्यापुढंच नापास. आमच्या घरात आजवर कोनी नापास नाय झालं. कशात कमी पडली तेवढं सांगा, मी करून घेतो.

मला वाईट वाटलं. पण माघार कशी घ्यायची? सांगितलं, चेंडू स्वतःकडे ठेवत नाही, सगळ्यांना देत सुटते. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, ते वाईट असतं काय सर?

उद्या मॅच बघायला घेऊन या म्हटलं. शीट बदलणार नाही. तत्त्व आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६

हाफटाइमला सात-शून्य. आमचे सातही जण शूट करायच्या तयारीत. राजवर्धनने आपल्याच पोराच्या पायातून चेंडू हिसकावला आणि परत सोसायटीत घातला. मी ओरडलो, द्या रे एकमेकांना! पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

अकॅडमीचा कोच रोहन, कानात बाळी, मला काका म्हणाला, त्याने शीट मागितली. वाचली. मग प्रिन्सिपल मॅडमना विचारलं, पासिंगला मार्क का नाहीत? ज्ञानेश्वरी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, सर, पास म्हणजे पासिंग हो. चेंडू देणं. रिझल्ट नाही.

हसले. सगळे. रोहनने विचारलं, पासिंगमध्ये नापास झालेली कोण? पोपटरावांनी तिला पुढे केलं. सेकंड हाफमध्ये ती खेळली. शेवटी आठ-दोन. आमचे दोन्ही गोल दुसऱ्यांनी मारले, दोन्ही तिने दिलेल्या चेंडूंवर.

मला लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या मी हे कबूल करणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मॅनेजमेंटला पत्र लिहिलं, चार पानं. विषय: शीटची सदोष रचना. विजयमालाने वाचलं आणि विचारलं, त्या पोरीला सॉरी म्हणालात का? फार वेळ भांडलो. पत्र पाठवलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३

बस ड्युटी, पहिला दिवस. दिघा रूट. मुलं मोजली: एकोणतीस. परत मोजली: तीस. ड्रायव्हर म्हणाला, स्वतःला पण मोजलं काय सर?

मागे एकच सीट रिकामी, संघप्रियाशेजारी. बसलो. सॉरी म्हणालो. नीट ऐकू गेलं नसावं, कारण तिने विचारलं, सर, तुमी पण नापास झालात का?

हो म्हटलं.

ती म्हणाली, टेन्शन नका घेऊ, मॅडमनी पप्पांना सांगितलं, चौथीत कोणालाच नापास करत नाहीत. म्हटलं, मी चौथीत नाही ना. तिने विचारलं, मग कितवीत?

मी बोटांवर मोजायला लागलो. तिचा स्टॉप आला.