विहिरीवरचा पहारा

हाडरस्लेव, १९०५

प्रिय लॉरिट्सदादा,

माझा मॅस आफ्रिकेतून परत आलाय. अंगावर जर्मन बादशहाचा गणवेश आहे. आता त्याला मॅस म्हटलेलं चालत नाही, मथियास म्हणावं लागतं. तुझ्यामाझ्या लहानपणी हे गाव डेन्मार्कचं होतं, हे त्याला ऐकायचंही नसतं.

आज जेवताना मी आपल्या डॅनिशमध्ये विचारलं, "अजून एक मासा वाढू?"

"जर्मनमध्ये बोल, आई. घरातसुद्धा."

मग मी जर्मनमध्ये विचारलं, "तिकडे तुझं काम काय होतं रे?"

"विहिरींवर पहारा. आम्हाला तिथली जमीन हवी होती, म्हणून लोकांना वाळवंटात हाकललं. पाण्यासाठी कोणी परत आलं, की गोळी घालायची."

"बायकामुलंही यायची?"

"तहान सगळ्यांनाच लागते," असं म्हणून त्याने शांतपणे पावाला लोणी लावलं.

मी माशाची थाळी त्याच्यापुढून उचलली. त्याने ते पाहिलं आणि हसून विचारलं, "मामा अजून सीमेपलीकडच्या त्या शेतावरच राहतो ना? जमीन चांगली आहे म्हणे."

मी म्हटलं, "तो गाव सोडून गेला. कुठे गेला, ठाऊक नाही."

"सापडेल," तो म्हणाला.

दादा, तू खरंच तिथून निघून जा, एवढंच सांगायला लिहायला बसले. पण पाकिटावर तुझा पत्ता घालावा लागेल, आणि आजचं टपाल टाकून येतो म्हणून मॅस बूट चढवून दारात उभा आहे.

तुझी धाकटी,
किर्स्टिन